घरचे यंत्र : हार्ड डिस्क टकटक करू लागली तर



पंपाचे बेअरिंग गेले की कानाला कळते. आवाज बदलला की आपण मोटार बंद करतो, नाहीतर वाइंडिंग जळते. अशीच एक फिरणारी वस्तू पुष्कळ संगणकांच्या पोटात असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. दूध संस्थेचा हिशेब, द्राक्षबागेतील फवारणीच्या नोंदी, मुलांचा अभ्यास, लग्नकार्याचे फोटो, सारे तिच्यातच साठते. सातबारा पुन्हा काढता येतो. पण आपल्या हाताने केलेली नोंद आणि गेलेल्या माणसाचा फोटो पुन्हा मिळत नाही. डिस्क बाजारात दुसरी मिळते, नोंद मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

डिस्कच्या डबीत अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय थर असतो. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ग्रामोफोनच्या पिनेसारखी एक दांडी त्यांवरून मागेपुढे सरकत मजकूर लिहिते व वाचते. ग्रामोफोनची पिन तबकडीला टेकते. इथे मात्र दांडीचे टोक हवेच्या थरावर तरंगते आणि मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे धुळीचा कणसुद्धा तिथे धोंड्यासारखा. म्हणून ही डबी घरी कधीही उघडू नये. संगणक चालू असताना त्याला धक्का बसला तर टोक तबकडीवर आदळून थर खरवडला जातो, म्हणून चालू लॅपटॉप उचलून इकडेतिकडे नेऊ नये.

आता दुखणी पाहू.

१. संगणक मंदावला, फाइल उघडायला फार वेळ लागतो : शेतात एखादा खारवट पट्टा असतो, तिथे पीक येत नाही. डिस्कवरही अशा खराब जागा तयार होतात. डिस्क त्या बाजूला काढून राखीव जागा वापरते, पण राखीव संपत गेली की पंचाईत होते. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. तो पिवळा किंवा लाल इशारा देऊ लागला, तर त्याच दिवशी सर्व नोंदींची नक्कल दुसरीकडे करावी आणि डिस्क बदलावी. इशारा नाही म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण काही डिस्क न सांगताच जातात.

२. बाहेरून जोडायची डिस्क दिसतच नाही : घाबरू नका. आधी केबल बदलून पाहा, मग दुसऱ्या खाचेत लावा, मग दुसऱ्या संगणकाला जोडा. पुष्कळदा दोष केबलचाच असतो.

३. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न येतो : ‘हो’ म्हणू नका. आतला मजकूर बहुधा शाबूत असतो. फॉरमॅट केल्यावर तो परत मिळवणे अवघड होते. जाणकाराला दाखवून आधी मजकूर काढून घ्यावा, दुरुस्ती मागाहून.

४. टकटक, खरखर असा आवाज येतो : ताबडतोब बंद करा. ‘आणखी एकदा लावून बघू’ असे म्हणू नका, प्रत्येक वेळी थर आणखी खरवडला जाऊ शकतो. फ्रिजमध्ये ठेवणे, ठोकणे हे उपाय करू नयेत. नोंदी मोलाच्या असतील तर मजकूर परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. हे काम महाग असते आणि यशाची खात्री नसते. पाण्यात भिजलेली डिस्कही सुरू करू नये, उन्हात वाळवूही नये.

नव्या संगणकांत बहुतेक एसएसडी असते. तिच्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे ती वेगवान असते आणि धक्क्यालाही दाद देत नाही. पण ती आवाज करून सावध करत नाही. चालता चालता एकाएकी बंद पडू शकते. पुसलेली फाइलही तिच्यातून परत मिळण्याची आशा कमी. तेव्हा एसएसडी आहे म्हणून नक्कल नको, असे नाही.

आपल्याकडे वीज जाते-येते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडते, म्हणून टेबलावरच्या संगणकाला यूपीएस जोडावा. बाहेरची डिस्क ‘इजेक्ट’ करूनच काढावी.

आणि मुख्य गोष्ट. आपण बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. नोंदींच्याही तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत किंवा परगावच्या नातेवाइकाकडे. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे घरेच्या घरे पाण्यात होती. अशा वेळी घरातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात. बाहेरची डिस्क सतत जोडून ठेवू नये, नक्कल झाली की काढून कपाटात ठेवावी. पेरणीपूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो, तसेच नक्कल केल्यावर चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. न उघडणारी नक्कल म्हणजे न उगवणारे बी.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस या कामाला ठरवून टाका. घरातील शाळकरी मुलामुलींवर ते सोपवले तरी चालेल, अर्ध्या तासाचे काम आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरे.