उत्तरपत्रिका तपासणार कोण?

दूरशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा हटकून यंत्रांकडे वळते. काल उपग्रह होता, आज भ्रमणध्वनी आहे. यंत्रांविषयी आमच्या मनात आकस नाही. परंतु ही शिक्षणपद्धती जन्मास आली ती साध्या टपालातून, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. १८४० साली इंग्लंडात देशभर कोठेही एका पेनीत पत्र पोचू लागले. त्याचा लाभ घेऊन आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने बायबलातील उतारा लघुलिपीत उतरवून पाठवावा आणि चुका दुरुस्त होऊन तो त्यास परत मिळावा, असा क्रम होता. खरे शिक्षण होते ते त्या परत आलेल्या कागदात. लंडन विद्यापीठाने १८५८ साली महाविद्यालयात न जाणाऱ्यांसही परीक्षेचे दार उघडले. शिकविण्याची जबाबदारी मात्र अंगावर घेतली नाही. ती पोकळी पत्रद्वारा शिकविणाऱ्या खाजगी संस्थांनी भरून काढली. पुढे लेखक म्हणून गाजलेले एच. जी. वेल्स उमेदीच्या काळात अशाच एका संस्थेत जीवशास्त्राचे शिक्षक होते.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) प्रयोग भव्य होता, पण मुदत संपताच उपग्रह परत गेला. खास शिक्षणाकरिता २००४ साली सोडलेला एज्युसॅटही २०१० साली निवृत्त झाला. मध्यंतरी, १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांस पदवीची वाट मोकळी झाली.

मग २०२० ची टाळेबंदी आली. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी, आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातील मुलांच्या शाळेचे काय झाले हे सांगावयास आकडेवारी नको. पण ज्यांना पडदा लाभला त्यांना तरी शिक्षक लाभला काय? चित्रमुद्रित व्याख्यान लक्षावधींना दाखविता येते; एका शिक्षकास लक्षावधी उत्तरपत्रिका तपासता येत नाहीत. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तपासनिसावर पडते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता निबंधही तपाशील, असे सांगण्यात येते. तपासू द्यावेत, परंतु तिचा शेरा विद्यार्थ्यास पटला नाही तर त्याने दाद कोणाकडे मागावी?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक दूरस्थ अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात शुल्काच्या शेजारी दोन आकडे छापले जावेत : एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि लिहून पाठविलेला स्वाध्याय शेऱ्यासह किती दिवसांत परत मिळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने हा नियम येत्या शैक्षणिक वर्षापासूनच लागू करावा.