‘माणूस पाहिजे’ स्टेटस टाकण्याआधी ‘जॉब रिक्विझिशन’ का भरायचं?

कुणी काम सोडलं की छोट्या व्यवसायात आधी व्हॉट्सअॅप स्टेटस पडतं: ‘माणूस पाहिजे’. काम नेमकं काय, पगार किती, हे मुलाखतीतच ठरतं. मोठ्या कंपन्या मात्र जाहिरातीआधी जॉब रिक्विझिशन, म्हणजे भरतीचा अंतर्गत मागणी अर्ज भरतात. पद रिकामं झालेलं की नवं, काम काय, पगाराची मर्यादा किती, मंजुरी कोणाची, एवढंच त्यात असतं.

छोट्या मालकाला हे कागदी सोपस्कार वाटतात. पण समजा, 19 जण कामाला आहेत आणि नवं पद भरायचंय. 20 कर्मचारी झाले की पीएफचा कायदा लागू होतो, आणि तो फक्त विसाव्या माणसापुरता नसतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून प्रत्येकी 15,000 रुपये धरले, तर मालकाचा 12 टक्के वाटा माणशी 1,800 होतो. वीस जणांचे महिन्याला 36,000! प्रशासकीय शुल्क वेगळं. कंत्राटी कामगारही मोजले जातात, आणि पुढे संख्या घटली तरी कायदा लागूच राहतो.

कामगारांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. विसाव्याला हजेरीपटाबाहेर ठेवणं हा उपाय नव्हे, ते बेकायदा आहे. अडचण येते ती हा खर्च न धरता पगार कबूल केल्यावर. त्यामुळे अर्जात एक रकाना हवाच: ‘ही नेमणूक धरून एकूण माणसं किती?’ अर्ज वहीच्या पानावर लिहिला तरी चालतो.