गोळी दिली, रक्तदाब कोण मोजणार?

मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं. आंजर्ल्यात काय किंवा मुंबईत काय, घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: लग्न जमेल ना? दवाखान्यातला दुसरा: मूल हवंय का? नसेल तर पाळी नियमित करणारी गोळी घ्या आणि लग्न झाल्यावर या. त्या मुलीला गर्भाशयाखेरीज एक हृदयही आहे, हे कुणाच्या गावीही नसतं!

१९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेन्थल यांनी सात बायकांच्या बीजकोशांवरून हा आजार मांडला. तेव्हापासून वैद्यकाची नजर बीजकोशांवरच खिळली. वास्तविक पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही. त्यातून साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी वाढते. गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकदही मंदावते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, या बायकांना हृदयविकाराचा धोका जास्त आहे असं धरून चाला, दरवर्षी रक्तदाब मोजा. आपल्या सरकारी मोहिमेत रक्तदाब-साखर तपासतात ती तिशीनंतर. बावीस वर्षांच्या मुलीने आठ वर्षं वाट पाहायची काय?

आता गोळी. माला-डीसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजारांत वर्षाला सुमारे २, घेणाऱ्यांत ५ ते ७. गरोदरपणात तो याहून जास्त असतो, तेव्हा गोळीला विष म्हणण्यात अर्थ नाही. महिनोन्‌महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, पुढे कर्करोगाची भीती असते. तिथे गोळी उपयोगीच. तक्रार न विचारता देण्याची आहे. रक्तदाब किती? डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते का? आईला, बहिणीला पायात गुठळी झाली होती का? तीन प्रश्नांना तीन मिनिटं लागत नाहीत.

आणि आपल्या कोकणातलं खास दुखणं! गणपतीत अडचण नको म्हणून पाळी लांबवायची गोळी, बहुधा औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली. नॉरएथिस्टेरॉनच्या या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, हे तिला कोण सांगणार? ती गोळी घेऊन मुंबईहून रात्रभर एसटीत पाय लोंबकळत ठेवून बसायचं, उतरल्यावर थेट चुलीपुढे. गौरीला मानाने घरात आणायचं आणि घरच्या बाईचा मात्र विटाळ! पोटरी सुजली तर 'प्रवासाने झालं' म्हणून तेल चोळायचं.

१९८६ साली नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईला धोके न सांगता तिच्या शरीरावर प्रयोग नकोत, हा तेव्हाचा आग्रह पाळी 'नियमित' करणाऱ्या गोळीला का लागू नाही?

मैत्रिणींनो, येत्या गणपतीआधी मंडळाच्या बैठकीत रक्तदाबाचं यंत्र आणा आणि विशीतल्या मुलींपासून सुरुवात करा. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर तेल-शेक नको. त्याच दिवशी दापोली गाठा आणि कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना आधी सांगा.