झटपट पाककृतींतला हरवलेला कर्ता

मराठी पाककृतीच्या पानावर दोन मथळे ठरलेले असतात : ‘साहित्य’ आणि ‘कृती’. मराठी समीक्षेचा सारा संसार या दोन शब्दांवर उभा आहे. ज्या पानावर ते रोज शेजारी नांदतात, ते पान मात्र वाचण्याच्या योग्यतेचे तिला वाटलेले नाही. ही उपेक्षा निरुपद्रवी नाही, असे आमचे म्हणणे आहे.

पुरवण्यांतून आणि चित्रफितींतून सध्या एका प्रकाराला बरकत आहे : कामावरून परतल्यावर एका तव्यावर किंवा एका कढईत ‘झटपट’ होणारे रात्रीचे जेवण. थालीपीठ, धिरडे, पिठले, फोडणीचा भात. या पदार्थांशी आमचे भांडण नाही. गरम पिठल्याशी वैर धरावे इतके आम्ही करंटे नाही. भांडण आहे ते पाककृतीच्या माथ्यावर छापलेल्या ‘१५ मिनिटे’ या दोन शब्दांशी.

थालीपिठाचेच उदाहरण घ्या. भाजणीत कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ घालून पीठ मळावे, तव्यावर थापावे, मध्ये बोटाने भोके पाडून तेल सोडावे, झाकण ठेवावे. पंधरा मिनिटांचे काम खरेच. पण भाजणी कोठून आली? ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे हे सारे निवडायचे, मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे (कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा), निववायचे, गिरणीत नेऊन दळून आणायचे. तव्याचेही तसेच. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो आणि तापल्यावर उष्णता धरून ठेवतो, म्हणून धिरडे त्यावरून अलगद सुटते; पण तो धुऊन ओला ठेवला की गंजतो. तो कोरडा करून तेलाचा हात फिरवणारे कोणीतरी घरात असावे लागते. घड्याळ सुरू होते ते हे सारे उरकल्यावर.

ही लबाडी केवळ हिशेबाची नाही, व्याकरणाचीही आहे. ‘साहित्य’ या मथळ्याखालची विशेषणे पाहावीत : चिरलेला कांदा, किसलेले खोबरे, भिजवलेली डाळ, उकडलेले बटाटे. ही धातुसाधित विशेषणे आहेत. एकेक क्रिया नामाला चिकटवून वस्तूचा गुणधर्म करून टाकलेली आहे. कांदा जणू चिरलेलाच उगवतो! पुढे ‘कृती’त विध्यर्थ येतो : परतावा, घालावे, वाढावी. कर्मणी रचनेत कर्ता तृतीयेत यायला हवा. येथे तो गाळलेलाच असतो. कोणी परतावा? कोणी वाढावी? हा प्रश्न वाक्यरचनेतच बुजवलेला असतो, कारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत आहे. चित्रफितींनी विध्यर्थ सोडला आणि ‘आता आपण कांदा चिरून घेऊ या’ म्हटले. मराठीतले ‘आपण’ ऐकणाऱ्यालाही सामावून घेते. येथे मात्र त्या समावेशक सर्वनामामागे हात एकाच व्यक्तीचे राबतात.

ती व्यक्ती कोण, हे सांगायला आकडे आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ वाचवून घेतली. ‘झटपट’ संस्कृतीची कमाई ती एवढी.

याच्या विरुद्ध टोकाला स्मरणरंजनाचा पंथ आहे. त्याला ‘झटपट’ नको. त्याला आजीच्या हातची चव हवी, चुलीचा धूर हवा. हा पंथ श्रम पाहतो, पण त्यांना माया असे नाव देऊन मोकळा होतो. एकाने श्रम विशेषणात लपवले, दुसऱ्याने भावनेत. दोघांच्याही लेखनात कर्ता सापडत नाही.

यावर आक्षेप येईल की पाककृती हे उपयुक्त लेखन आहे, त्यात वाङ्मय कसले शोधता? मग रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ मराठी गद्याचा नमुना म्हणून कशासाठी शिकवले जाते? राज्य कसे चालवावे हे सांगणारे ते उपयुक्त लेखनच आहे. गडकोट कसे राखावेत हे सांगणारे गद्य अभ्यासनीय आणि घर कसे जेववावे हे सांगणारे गद्य किरकोळ, ही प्रतवारी वाङ्मयीन नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप देऊन नवशिक्या वाचकाला स्वयंपाकघरात उभे केले, ‘अंदाजाने’ या शब्दातली मक्तेदारी मोडणारी ती गद्यशैली होती. बहिणाबाई चौधरींनी संसाराला तव्याची उपमा दिली, ती आपल्या वर्गांत आवडीने शिकवली जाते. पण उपमेय असलेल्या संसारावर तास संपतो आणि उपमान असलेला तवा थंड पडून राहतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गद्याच्या तासाला एक पाककृती फळ्यावर लिहावी. विद्यार्थ्यांनी तिच्यातल्या प्रत्येक धातुसाधित विशेषणाची पुन्हा क्रिया करावी, प्रत्येक क्रियेला कर्ता द्यावा आणि वेळेची बेरीज नव्याने मांडावी. ज्या घरात भाजणी एकाने भाजली, दळण दुसऱ्याने आणले, कांदा तिसऱ्याने चिरला आणि तवा चौथ्याने घासून ठेवला, त्या घरात थालीपीठ खरोखरच सोपे आहे. इतरत्र ‘सोपे’ हे विशेषण खाणाऱ्याचे आहे. करणाऱ्याला अजून कोणी विचारलेले नाही.