सार्वजनिक वास्तू आणि नवोदित वास्तुविशारद

नवी दिल्लीत इंडिया गेटलगत उभारण्यात आलेले राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. या स्मारकाचा आराखडा खुल्या स्पर्धेतून निवडण्यात आला होता, ही बाब त्या समारंभाच्या वृत्तांकनात काहीशी मागे पडली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या स्पर्धेत ४२७ प्रवेशिका आल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये चेन्नईच्या वीबी डिझाइन लॅब या संस्थेचे योगेश चंद्रहासन यांची रचना विजयी घोषित झाली. सरकारी कामांच्या संदर्भात वारंवार ऐकू येणाऱ्या नावांपैकी हे नाव नव्हते.

रचना पाहिली असता परीक्षकांनी ती का निवडली असावी, हे ध्यानात येते. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी चार समकेंद्री वर्तुळे, मधोमध साडेपंधरा मीटर उंचीचा स्तंभ, ग्रॅनाइटवर उद्घाटनाच्या वेळी कोरलेली २५ हजार ९४२ हुतात्म्यांची नावे आणि सर्वांत बाहेर पहारा देणाऱ्या जवानांप्रमाणे उभ्या असलेल्या वृक्षांच्या रांगा. बरेचसे बांधकाम जमिनीलगत ठेवल्यामुळे इंडिया गेटच्या दर्शनात बाधा येत नाही. वास्तू कोठे संपते आणि भूदृश्य कोठे सुरू होते, हे येथे सांगता येत नाही.

परंतु हा अपवाद आहे. आपल्या देशातील न्यायालये, रुग्णालये, ग्रंथालये, शाळा, बसस्थानके आणि उद्याने यांची रचना कोण करते आणि ती व्यक्ती कशी निवडली जाते, हा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेच्या नोंदवहीत आज एक लाखाहून अधिक नावे आहेत. पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून दरवर्षी हजारो तरुण-तरुणी त्यांत भर घालतात. विद्यार्थिदशेतील त्यांचे अंतिम वर्षाचे प्रकल्प पाहिले तर ते बहुधा सार्वजनिक वास्तूंचेच असतात; कोणी संग्रहालय रेखाटते, कोणी नदीकाठ, कोणी जिल्हा रुग्णालय. पदवी हाती आल्यावर मात्र यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला सदनिकांची अंतर्गत सजावट, दुकाने आणि एखाद्या मोठ्या कार्यालयात जिन्यांचे व प्रसाधनगृहांचे तपशील काढण्याचे काम येते. अनुभवाची ती पायरी आवश्यकच आहे. प्रश्न एवढाच की, त्या पायरीवरून सार्वजनिक कामाकडे जाणारा मार्ग आज कितपत खुला आहे.

पूर्वी तो अधिक खुला होता, असे इतिहास सांगतो. मुंबईतील आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे काम १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून जॉर्ज विटेट यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत तर तरुणांवर विश्वास टाकणे ही जणू शासनाची रीतच होती. मूळचे कोकणातील आचरे येथील अच्युत कानविंदे यांना सरकारनेच उच्च शिक्षणासाठी हार्वर्डला पाठविले आणि ते परतल्यावर ऐन तिशीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांच्या रचनेची धुरा त्यांच्याकडे सोपविली. बराकपूर येथील गांधी घाट हबीब रहमान यांनी रचला, तेव्हा ते पश्चिम बंगालच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते आणि त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. जानेवारी १९४९ मध्ये त्याचे उद्घाटन करणाऱ्या पंडित नेहरूंना ती रचना इतकी भावली की, पुढे रहमान दिल्लीला केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागात आले. चंडीगढच्या उभारणीत ल कॉर्बुझिए यांच्या नावापलीकडे अनेक भारतीय तरुण होते. १९५१ मध्ये तेथे रुजू झालेल्या ऊर्मिला युली चौधरी विशीतच होत्या आणि कालांतराने त्या पंजाबच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या.

या मालिकेतील सर्वांत बोलके उदाहरण अहमदाबादचे आहे. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयाचे काम १९५८ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्याकडे आले. मूळचे गोव्याचे असलेले कोरिया तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि स्वतःच्या नावावर सांगावी अशी एकही सार्वजनिक इमारत त्यांच्यापाशी नव्हती. सहा मीटर लांबी-रुंदीचे चौरस, विटांचे खांब, कौलारू छपरे, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा, मध्ये पाण्याचे कुंड आणि गरजेनुसार पुढे वाढविता येईल अशी मांडणी, एवढ्यावर ती वास्तू उभी राहिली. १९६३ मध्ये तिचे उद्घाटन झाले. गांधीजींच्या साधेपणाशी इतकी सुसंगत वास्तू देशात क्वचितच आढळेल. आजच्या निविदा पद्धतीत कोरिया तांत्रिक छाननीच्या पहिल्याच टप्प्यावर अपात्र ठरले असते.

ही अतिशयोक्ती नव्हे. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये बांधकामाच्या निविदांसाठी पूर्वपात्रतेचे निकष सुचविले. मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्के मूल्याची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक 'समान स्वरूपाचे काम' पूर्ण केलेले असावे आणि मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या किमान ३० टक्के असावी, असे त्यांचे स्वरूप आहे. कंत्राटदाराच्या बाबतीत हे निकष समजण्यासारखे आहेत. ज्याने पूल बांधलाच नाही, त्याच्या हाती मोठा पूल देणे धोक्याचे आहे. अडचण अशी की, रचनाकाराच्या निवडीतही याच साच्यातील अटी घातल्या जातात. दहा कोटी रुपयांच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. मानधन पाच टक्के धरले, तर वास्तुविशारदाला मिळणार पन्नास लाख रुपये. उलाढालीची अट मात्र बांधकाम खर्चावर बेतली, तर ती निघते वर्षाला तीन कोटींची. शिवाय याआधी ग्रंथालय बांधलेले असावे ही अट राहतेच. पहिले ग्रंथालय मिळविण्यासाठी आधी ग्रंथालय बांधलेले असणे भाग पडते, हे चक्र भेदण्याचा कोणताही उपाय त्या निविदापत्रात नसतो.

प्रस्तुत लेखकाला कामाच्या ओघात अशा सूचनांचा अनुवाद करण्याचा प्रसंग अनेकदा येतो. 'समान स्वरूपाचे काम' हा शब्दप्रयोग मराठीत सहज उतरतो, परंतु रचनेच्या क्षेत्रात त्याचा अर्थ काय, हे कोणत्याही भाषेत स्पष्ट होत नाही. उत्तम शाळा रचणारी व्यक्ती उत्तम ग्रंथालय रचू शकणार नाही, असे मानण्यास आधार कोणता?

येथे आणखी एक विसंगती आहे. वास्तुकला परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तन विनियमांनुसार, परिषदेने मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार होणारी स्पर्धा वगळता, वास्तुविशारदाने इतरांशी चढाओढ करून विनामोबदला किंवा कमी मानधनात आराखडे तयार करणे अपेक्षित नाही. सरकारी निविदांत मात्र मानधनाचा दर हाच अनेकदा निर्णायक ठरतो. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील गुणवत्ता आणि खर्च यांवर आधारित निवडपद्धतीत गुणवत्तेला जास्तीत जास्त ८० टक्के भार देता येतो. मात्र त्या गुणवत्तेचे मोजमाप बहुधा उलाढाल, मनुष्यबळ आणि पूर्वीच्या कामांची यादी यांवरून होते. प्रत्यक्ष कल्पनेला मिळणारे गुण त्या तुलनेत थोडे असतात. अलीकडे रचना आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे सोपविण्याची पद्धत वाढली आहे. त्यात वास्तुविशारद कंत्राटदाराचा उपसल्लागार होतो आणि काम सुरू असताना इमारतीच्या वापरकर्त्यांची बाजू मांडण्याचे त्याचे स्वातंत्र्य कमी होते.

सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पाच्या निमित्ताने हा विषय काही काळ ऐरणीवर आला होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये निविदा मागविल्या. सहा संस्था स्पर्धेत उतरल्या आणि ऑक्टोबरमध्ये अहमदाबादच्या एचसीपी या संस्थेची २२९ कोटी ७५ लाख रुपयांच्या मानधनावर निवड झाली. राजधानीच्या हृदयस्थानाची पुनर्रचना होत असताना खुली रचनास्पर्धा का घेतली नाही, असा सवाल अनेक वास्तुविशारदांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी सल्लागाराची ही निवड वैध ठरविली. भूमीवापरातील बदल व अन्य काही मुद्द्यांवर एका न्यायमूर्तींनी वेगळे मत नोंदविले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. धोरणाच्या दृष्टीने तो मिटला आहे, असे म्हणता येणार नाही, कारण न्यायालयापुढे प्रश्न निवड नियमानुसार झाली की नाही हा होता. नियम कसे असावेत, हा नव्हता.

स्पर्धा हा सर्व व्याधींवरील उतारा आहे, असेही नव्हे. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी १९८६ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अमेरिकेचे राल्फ लर्नर विजयी झाले, परंतु तो आराखडा पूर्णत्वाने कधीच साकार झाला नाही. युद्ध स्मारकाच्या स्पर्धेत ४२७ प्रवेशिका आल्या, याची दुसरी बाजू अशी की, ४२६ चमूंच्या श्रमातून काहीही उभे राहिले नाही. मोठ्या कार्यालयाला हा भार पेलतो. दोघा-तिघांच्या कार्यालयाचे त्यात दोन महिन्यांचे उत्पन्न बुडते. निनावी प्रवेशिका हा स्पर्धेचा सर्वांत मोठा गुण होय. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकासाठी १९८१ मध्ये आलेल्या १,४२१ प्रवेशिकांतून माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीची निवड झाली, ती नाव झाकलेले होते म्हणूनच. मात्र निनावीपणा जपायचा तर परीक्षक मंडळ स्वतंत्र हवे आणि निकालानंतर काम पुढे नेण्याची शासनाची तयारीही हवी.

युरोपात यावर काही मार्ग काढण्यात आले आहेत. फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्रालय ३५ वर्षांखालील वास्तुविशारद आणि भूदृश्य रचनाकारांची ठरावीक काळाने निवड करून त्यांची नावे सार्वजनिक संस्थांपुढे ठेवते. चाळिशीच्या आतील रचनाकारांसाठीची 'युरोपॅन' ही स्पर्धा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू आहे आणि तीत नगरपालिका स्वतःच्या खऱ्याखुऱ्या जागा देतात. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात २००० पासून राबविल्या जाणाऱ्या 'खुल्या आवाहना'त प्रत्येक सार्वजनिक कामासाठी मोजक्या संस्था निवडून त्यांना प्राथमिक आराखड्याचा मोबदला दिला जातो. यांपैकी शेवटचा मार्ग आपल्याकडे सर्वांत उपयुक्त ठरावा, कारण त्यात शेकडो जणांचे श्रम वाया जात नाहीत.

भूदृश्य रचनेची स्थिती तर आणखी नाजूक आहे. या शाखेसाठी स्वतंत्र कायदा नाही. अनेक ठिकाणी उद्यानाचे काम बांधकामाच्या निविदेतील 'बागकाम' या एका ओळीत समाविष्ट होते. दिल्लीतील सुंदर नर्सरी २०१८ मध्ये खुली झाली, तेव्हा नव्वद एकरांचे ते उद्यान पाहून अनेकांना या विद्येचे सामर्थ्य प्रथमच जाणवले. त्याचे रचनाकार मोहम्मद शाहीर २०१५ मध्येच निवर्तले होते. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात त्यांनी अनेक वर्षे विद्यार्थी घडविले. त्या विद्यार्थ्यांना नगरपालिकेच्या उद्यानाचे काम मिळावयाचे, तर निविदेत त्यांच्या विद्येला बागकामाच्या ओळीपलीकडे स्थान असावे लागेल.

खरी गरज आहे ती लहान कामांची. जिल्हा परिषदांच्या शाळा, अंगणवाड्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सामान्यतः नमुना नकाशांवरून बांधली जातात. कोकणातील पाऊस आणि मराठवाड्यातील ऊन यांना एकच नकाशा पुरेसा मानला गेला, की एकीकडे भिंतींना ओल येते आणि दुसरीकडे दुपारी वर्गात बसवत नाही. दिल्लीच्या 'विन्यास' या संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने शाळेच्या भिंती, फरशी, दारे आणि जिने यांनाच शिक्षणाचे साधन बनविण्याची कल्पना विकसित केली आणि ती अनेक राज्यांनी स्वीकारली. दार उघडताना जमिनीवर आखलेले कोन दिसतात, खिडकीच्या गजांवर मूल अक्षर गिरवते. यासाठी कोट्यवधींची उलाढाल लागली नाही. मुंबई महानगरपालिकेनेही २०१९ मध्ये पाच रस्त्यांच्या रचनेसाठी स्पर्धा घेतली होती. पदपथ, झाडे आणि बसथांबे हेदेखील रचनेचे विषय आहेत, याची ती एक प्रकारे अधिकृत कबुलीच होती.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १७३ नुसार, दर्जा आणि तांत्रिक अटींची पूर्तता होत असल्यास नवउद्यमांसाठी पूर्वानुभवाची आणि पूर्वीच्या उलाढालीची अट शिथिल करता येते. 'शिथिल करता येते' आणि 'शिथिल करावी' यांतील अंतर अनुवादकाइतकेच कार्यकारी अभियंत्यालाही ठाऊक असते. अट शिथिल केल्यास लेखापरीक्षणात खुलासा त्याला द्यावा लागतो. न केल्यास कोणी विचारत नाही. शिवाय नवउद्यम म्हणून मान्यता मिळण्यासाठी कंपनी किंवा भागीदारीसारखी नोंदणीकृत संस्था असावी लागते. स्वतःच्या नावाने एकट्याने व्यवसाय सुरू करणारा वास्तुविशारद, म्हणजे या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांपैकी मोठा वर्ग, त्या व्याख्येबाहेर राहतो. लहान उद्योगांना बयाणा रकमेत मिळणारी सूट त्याला घेता येते, परंतु बयाणा हा त्याचा मुख्य अडसर नाही. ठरावीक रकमेखालील रचनाकार्यासाठी अनुभवाऐवजी नोंदणी आणि आराखडा एवढेच मागावे, बांधकामाची देखरेख अनुभवी अभियंत्यांकडे ठेवावी आणि अंतिम फेरीतील तीन-चार जणांना मोबदला द्यावा, असा आदेश राज्य सरकारचे सार्वजनिक बांधकाम खाते किंवा एखादी मोठी महानगरपालिका आपल्या कामांपुरता काढू शकते. एका शाळेच्या बांधकाम खर्चाशी तुलना करता हा मोबदला फारच अल्प असेल.