पुराची सूचना घरात कोण वाचणार?



मृग लागण्याआधी आपण घर शाकारतो, बियाणे आणतो, सरपण आत घेतो. पुराची तयारी मात्र पाणी वेशीला लागल्यावरच आठवते. आपल्याला समुद्र नाही, तेव्हा वादळाची काळजी किनाऱ्यावरच्यांनी करावी, असे आपण समजत आलो. पण बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा आपल्याकडेही मुसळधार पाऊस आणतो. शिवाय पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून येते. वर पाऊस होऊन इसापूर धरणाचे दरवाजे उघडले, की जैनथ-बेला भागात आभाळ कोरडे असतानाही पाणी कपाशीत शिरू शकते.

जुलै २०२२ मध्ये कडेम धरणात सुमारे ५ लाख क्युसेक पाणी आले; दरवाज्यांची क्षमता होती सुमारे ३ लाखांची. धरण टिकले, पण खालच्या गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. २०१६ पर्यंत तो भाग आपल्याच जिल्ह्यात होता.

वेळीच निघाल्याने काय साधते, हे ओडिशाने दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन वादळ आले, तेव्हा जवळजवळ १० लाख लोकांना आधीच हलवले होते. मृत्यू काही डझनांवर थांबले.

आपली अडचण थोडी वेगळी आहे. सूचना बहुधा तेलुगूत येते आणि आपल्या घरातील आजी-आजोबांना ती वाचता येत नाही. घरात तेलुगू वाचणारे असते ते शाळेत जाणारे मूल. तेव्हा आमचे स्पष्ट मत आहे की, पावसाळ्यात सूचना वाचून घरच्यांना मराठीत सांगण्याचे काम मुलांकडे द्यावे, आणि मोठ्यांनी "पोराला काय कळते" असे न म्हणता ते ऐकावे. तेलुगू शिकल्याने मराठी उणी होत नाही. उलट अशा वेळी दोन्ही भाषा लागतात.

बाकी तयारी आजच करता येईल. जमिनीचे पासबुक, आधार, रेशनकार्ड व शाळेचे दाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. टॉर्च, काडेपेटी, आजोबांच्या गोळ्या व दोन दिवसांचा शिधा हाताशी असावा. पाणी वाढू लागताच जनावरांची दावी सोडावीत. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जाऊ नये. दोन फूट वाहते पाणी मोटारही ओढून नेते. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. ११२ व १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत.

विश्वस्त मंडळास आमची एकच विनंती आहे. पुराच्या रात्री शाळेची किल्ली कोणाकडे मिळेल, हे मृगापूर्वीच फळ्यावर लिहावे, आणि पुराच्या सूचना मराठीतूनही मिळाव्यात असे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. किल्ली शोधण्यात रात्र गेली, तर शाळा उंचावर असून काय उपयोग?