गळती ही यंत्राची नियती नव्हे

रासायनिक कारखान्यात पंपाच्या दांड्यापाशी द्रव ठिबकू लागला, की व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते : यंत्र म्हटले की गळती आलीच. फिरता दांडा स्थिर कवचातून बाहेर येतो, तेथे फट राहणारच, असा हा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. उरलेले अर्धे सत्य कामगारापासून दूर ठेवले जाते.

पूर्वी ही फट ग्लँडमध्ये दोरी ठासून बुजवीत. दोरी जळू नये म्हणून द्रव थेंबथेंब गळू द्यावाच लागे. पुढे आलेल्या यांत्रिक सीलमध्ये दोन गुळगुळीत वलये एकमेकांवर घासत आणि झिजत. स्पर्शरहित सीलने हा पेच सोडविला. त्यातील एका वलयाच्या मुखावर काही मायक्रॉन खोलीच्या सर्पिल खाचा असतात. दांडा वेगाने फिरू लागताच वायू त्या खाचांत ओढला जाऊन दाबला जातो आणि त्या दाबाने वलये सुमारे ३ मायक्रॉन अलग होतात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. फट अरुंद झाली तर दाब वाढून ती रुंदावते. रुंदावली तर दाब उतरतो आणि स्प्रिंग तिला मिटवितात. असे दोन सील बसवून मधल्या पोकळीत आतल्या द्रवाहून अधिक दाबाचा नायट्रोजन ठेवला, तर झिरपतो तो नायट्रोजन. विष आतच राहते.

मग हे सील सर्वत्र का नाहीत? त्यांना स्वच्छ, कोरडा वायू आणि डोळस देखभाल लागते, म्हणजेच खर्च लागतो. वायूच्या मोठ्या कॉम्प्रेसरवर ते १९८० च्या दशकातच रुळले, कारण तेथे सीलच्या तेलाची सारी यंत्रणा वाचत होती. जेथे केवळ कामगाराची फुप्फुसे वाचणार होती, तेथे मात्र हिशेब जुळेना! अमेरिकेत १९९० साली स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन विषारी उत्सर्जनावर बंधने आली आणि १९९४ साली तेथील पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेने पंपांच्या सीलसाठी स्वतंत्र मानक काढले. तंत्र आधीच होते. निकड कायद्याने निर्माण केली.

बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे शास्त्राने निर्विवाद ठरविले आहे. तरीही कामगाराच्या तोंडावर मुखवटा बांधून कर्तव्य संपले असे मानणे, म्हणजे यंत्राचा दोष माणसाच्या देहावर लादणे होय.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायू पंपाच्या सीलमधून सुटला नव्हता. पण शीतकरण बंद ठेवणारी आणि वायू जाळणारा मनोरा जोडल्यावाचून राहू देणारी वृत्ती हीच होती. त्या संहारानंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींच्या सुरक्षा समित्यांची तरतूद झाली. कायद्याचे नाव बदलो वा कलम बदलो, कोणत्या पंपावर कोणता सील आहे आणि तो का आहे, हे विचारण्याचा व बदलवून घेण्याचा अधिकार अशा समितीला असलाच पाहिजे. ३ मायक्रॉनची फट राखण्याइतके विज्ञान समर्थ आहे. मालकाचा नफा आणि कामगाराचा श्वास यांतील फट बुजविण्याचे काम मात्र संघटित कामगारालाच करावे लागेल.